ऑक्टाव्हिया आरएस झटके मारते, पिकअप तुटतो आणि वर्कशॉप म्हणते ‘टर्बो बदला’: घरी तपासणी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, ७० हजार किलोमीटर चाललेली, सेकंडहँड घेतलेली. शहरात छान चालते. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की अडीच-तीन हजार आरपीएमच्या आसपास झटके येतात, इंजिनाचा दिवा लुकलुकतो, ईपीसी (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातला दोष दाखवणारा दिवा) लागतो आणि मग पिकअपच राहत नाही. गाडी बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. स्कॅनरवर पी ०२९९ आणि पी ०३०० असे दोन कोड आले आणि वर्कशॉपने टर्बो बदलायला सांगितला. घरच्या घरी काही खात्री करता येईल का?

येईल, आणि टर्बोला हात लावायच्या आधी ती करायलाच हवी. कोड हा बिघडलेल्या पार्टचे नाव नसतो. पी ०२९९ चा अर्थ एवढाच की ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, जेवढा बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) मागितला तेवढा मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हे कोडला माहीत नसते. फुटका होज, सैल क्लिप, न मिटणारा वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला बगल देऊन सोडणारी झडप), खोटे सांगणारा सेन्सर, यांपैकी कशानेही हाच कोड येतो. पी ०३०० म्हणजे एकाहून जास्त सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न जळणे. दोन्ही कोड एकत्र असतील तर पहिला प्रश्न हा, की आधी कोणता आला.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. इंजिनाचा दिवा नुसता लागलेला असणे वेगळे आणि लुकलुकणे वेगळे. लुकलुकतो आहे म्हणजे मिसफायर इतका आहे की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे. तो कन्व्हर्टर वितळला तर टर्बोएवढाच मोठा खर्च पुढे येतो. त्यामुळे दिवा लुकलुकला की पाय लगेच उचला, आणि कारण सापडेपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. ‘पुन्हा होतंय का बघू’ म्हणून दहा वेळा दाबून बघणे सर्वांत महागात पडते.

गाडीबद्दल दोन-चार गोष्टी लक्षात ठेवा, पुढचे सगळे त्यावर उभे आहे. इंजिन ईए ८८८ कुटुंबातले तिसऱ्या पिढीचे, १९८४ सीसी, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर. हा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमपासूनच मिळतो, म्हणजे सिलिंडरवर सर्वांत जास्त ताण लाल रेषेजवळ नाही, तर दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात येतो. तुमचे झटके नेमके तिथेच येतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, टर्बो इंजिनाच्या मागे फायरवॉलच्या बाजूला आणि इनटेक मॅनिफोल्ड पुढे. गिअरबॉक्स सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी (तेलात बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक), डीक्यू २५०. पहिला सिलिंडर टायमिंग चेनच्या बाजूचा, गाडीत बसल्यावर उजवीकडचा. चौथा गिअरबॉक्सच्या बाजूचा.

हत्यारे फार लागत नाहीत, पण जी लागतात ती चांगली हवीत. व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन, म्हणजे या घराण्याच्या गाड्यांची आतली मोजमापे वाचणारे साधन. पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल कोड दाखवतो, पण मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी ठेवत नाही. दोन टॉर्क रेंच: एक ५ ते २५ न्यूटन-मीटरचा, दुसरा २० ते ११० चा. एकाच मोठ्या रेंचवर १० न्यूटन-मीटर लावायला गेलात तर ‘कट्’ ऐकू येण्याआधी बोल्ट तुटतो. टॉर्क्स बिट, १६ मिलिमीटरचा आतून चुंबक किंवा रबर असलेला प्लग सॉकेट, मल्टिमीटर, चांगला टॉर्च.

सुरुवात कोड न पुसता करा. प्रत्येक कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते: त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, पाण्याचे तापमान किती, वेग किती, कोणत्या किलोमीटरला आला. त्याचा फोटो काढा. पी ०३०० आधीच्या किलोमीटरला आणि पी ०२९९ नंतर असेल, तर मिसफायर झाल्यावर ईसीयूने स्वतःच ताकद कापली असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे टर्बो निर्दोष आहे. उलट क्रम असेल तर बूस्टच्या बाजूने शोध सुरू करायचा. वर्कशॉपने कोड पुसून दिले असतील तर हा पुरावा गेला, पण पुढच्या चाचण्यांनी भरून काढता येतो.

आता बॉनेट न उघडता करायची तपासणी, जी जवळपास कोणी करत नाही. इंजिन बंद, इग्निशन चालू. मॅनिफोल्डचा दाब आणि थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) आधीचा चार्ज प्रेशर हे दोन्ही आकडे वाचा. इंजिन फिरत नसताना पाइपमध्ये बाहेरचीच हवा आहे, म्हणून दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढे हवेत. पुण्यात साधारण ९४० ते ९५० मिलिबार, मुंबईत १००० ते १०१०, महाबळेश्वरला ८६५ च्या आसपास. दोघांत २० मिलिबारपेक्षा जास्त फरक असेल तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर संशयित. एक फसगत टाळा: मोबाइलवरचे हवामान ॲप पुण्याचा दाबही १००८ वगैरे दाखवते, कारण तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. त्याच्याशी ताडून पाहाल तर चांगला सेन्सर फेकून द्याल.

यानंतर प्लग आणि कॉइल. या तक्रारीत नव्वद टक्के लोकांनी इथूनच सुरुवात करावी. कारण भौतिकशास्त्रातले आहे. टर्बो हवा दाबून भरतो, दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. प्लग झिजला की गॅप वाढते, व्होल्टेज आणखी लागते. मग वीज गॅपमधून उडी मारण्याऐवजी सोपी वाट शोधते, कॉइलच्या रबरातून किंवा प्लगच्या चिनी मातीवरून सरळ हेडला अर्थ होते. आयडलिंगला आणि शहरात दाब कमी असतो, म्हणून गाडी तिथे गुळगुळीत चालते आणि पूर्ण लोडला मिसिंग करते. प्लग बदलायचा हिशेब ६० हजार किलोमीटरचा आहे. तुमची गाडी ७० हजार चालली आहे आणि आधीच्या मालकाने प्लग बदलल्याचे बिल हातात नसेल, तर ते बदललेले नाहीत असेच धरा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, निदान चार तास. ॲल्युमिनियमच्या गरम हेडमधून प्लग काढला तर आटे सोबत येतात. वरचे कव्हर सरळ वर ओढून काढा. कॉइलचे कनेक्टर उष्णतेने कडक झालेले असतात, त्यांची कुलपे पटकन मोडतात. युक्ती अशी: कनेक्टर आधी आत ढकला, त्याने कुलपावरचा ताण जातो, मग कळ दाबा आणि बाहेर ओढा. आधीच ओढत कळ दाबली की तुटली म्हणून समजा. कॉइलचा बोल्ट काढून कॉइल थोडी डावी-उजवी फिरवत वर घ्या. प्लगच्या विहिरीत हवा मारून धूळ-वाळू काढल्याशिवाय प्लग सैल करू नका, नाहीतर ती सगळी सिलिंडरमध्ये जाते.

काढलेले चारही प्लग एका पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ लिहून त्याच क्रमाने ठेवा. आता उजेडात एकेक हातात घेऊन नीट बघा. पांढऱ्या चिनी मातीवर, षटकोनाच्या लगेच वर, तपकिरी कड दिसेल. तो कोरोनाचा, म्हणजे जास्त व्होल्टेजमुळे हवेत होणाऱ्या विद्युत विसर्गाचा, डाग आहे, त्याने काही बिघडत नाही. शोधायची आहे ती उभी, केसाएवढी बारीक काळी रेघ, पेन्सिलने ओढल्यासारखी, बोटाने पुसली तरी न जाणारी. विजेने धरलेली चोरवाट ती हीच. तशीच जुळी खूण कॉइलच्या रबराच्या आत दिसते, कधी पांढुरक्या चुऱ्याच्या रूपात. रेघ सापडली तर तो प्लग आणि ती कॉइल दोन्ही बाद. फक्त प्लग बदललात तर जुन्या रबरातली वाट नव्या प्लगवर महिन्याभरात पुन्हा रेघ ओढते.

टोकाकडचा रंगही वाचा. फिकट बदामी ठीक. एकच प्लग काळा-ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये तेल किंवा पेट्रोल जास्त येते आहे. मातीवर चमकणारे बारीक ठिपके म्हणजे डिटोनेशन (पेट्रोलचे अवेळी, स्फोटासारखे जळणे), आणि तो गंभीर इशारा आहे, तिथे थांबून आधी इंधन आणि ट्यूनिंग तपासा.

नवे प्लग याच इंजिनाच्या पार्ट नंबरचे घ्या. मूळ स्थितीतल्या गाडीला गॅप ०.८ मिलिमीटरच्या आसपास असते. रिमॅप केलेल्या (ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) गाडीला ०.६ ते ०.६५ ठेवावी लागते. आटे कोरडे ठेवा, ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावू नका. त्याने घर्षण कमी होते आणि रेंच तोच आकडा दाखवत असला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग ३० न्यूटन-मीटर. कॉइलचे बोल्ट १० च्या आत.

कॉइल चारही नव्या घ्यायची घाई नको. जिच्यावर संशय आहे ती दुसऱ्या सिलिंडरवर लावा. समजा पी ०३०३ येत होता, म्हणजे तिसरा सिलिंडर. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावली आणि कोड पी ०३०१ झाला, तर गुन्हेगार कॉइल. कोड तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल सोडा, प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. प्लग आणि कॉइल दोन्ही एकदम हलवले की उत्तर मिळते पण ते कशाचे, हे कळत नाही.

प्लग बाहेर आहेतच तर कॉम्प्रेशनही बघून घ्या. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सात-आठ फेऱ्या क्रँक करा. ११ ते १४ बार म्हणजे निरोगी, ७ ही झिजेची मर्यादा, आणि चौघांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको. स्वस्त गेज आकडा दोन-एक बार इकडे-तिकडे दाखवते, म्हणून आकड्यापेक्षा चौघांतल्या फरकावर जास्त विश्वास ठेवा.

प्लग-कॉइलनंतरही पिकअप तुटत असेल तर लॉग घ्यायचा, म्हणजे गाडी चालवताना स्कॅनरवरचे आकडे सलग नोंदवायचे. इथे दोन माणसे हवीत, एक चालवणार, एक लॅपटॉप किंवा मोबाइल बघणार. रहदारी नसलेला, सौम्य चढाचा सरळ रस्ता निवडा. इंजिन पूर्ण तापलेले, गिअर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा. १८०० आरपीएमपासून ४००० पर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर. पेडलच्या तळाशी जो किकडाउनचा खटका आहे तिथपर्यंत जाऊ नका, डीएसजी गिअर खाली टाकेल आणि लॉग वाया जाईल. तिसऱ्यात ४००० म्हणजे साधारण ९० किलोमीटर वेग. पूर्ण टॉर्कचा पट्टा त्यात येऊन जातो, १५० च्या वेगाने जायची काही गरज नाही.

नोंदी सात-आठच घ्या, जास्त घेतल्या की सॅम्पलिंग मंदावते आणि झटका दोन नोंदींच्या मधून निसटतो. आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, रेलमधला मागितलेला आणि मिळालेला इंधनदाब, सिलिंडरनिहाय इग्निशन रिटार्ड (ठिणगी किती अंश उशिरा टाकली ते), इनटेक हवेचे तापमान, मिसफायर काउंटर.

हा लॉग वाचता आला की निम्मे निदान झालेच. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट हातात हात घालून वर जातात, पण मिसफायर काउंटर वाढतो: दोष ठिणगीचा, टर्बोचा नाही. मागितलेला बूस्ट वर जातो आणि मिळालेला १५०-२०० मिलिबार मागेच अडकतो: हवा कुठेतरी निसटते आहे, किंवा वेस्टगेट मिटत नाही, आणि या सगळ्यांनंतर टर्बो. तिसरा नमुना फसवा आहे. मागितलेला बूस्टच मध्येच खाली येतो आणि मिळालेला त्याच्या मागोमाग. इथे ईसीयू स्वतः हात आखडता घेते आहे. तेव्हा बाकीचे रकाने बघा. रेलचा दाब पूर्ण लोडला २०० बारच्या आसपास मागितला जातो. मिळालेला त्यापेक्षा वीसेक बार खाली घसरत असेल तर इंधनाची बाजू: टाकीतला पंप, फिल्टर किंवा हाय प्रेशर पंप. सर्व सिलिंडरमध्ये रिटार्ड ६ अंशांच्या पलीकडे सतत जात असेल तर नॉक, म्हणजे तेच डिटोनेशन, होते आहे. दोन-तीन अंश मागेपुढे होणे नेहमीचेच. अशा वेळी टाकी जवळपास रिकामी करून ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा लॉग घ्या. इनटेक हवा चालत्या गाडीत बाहेरच्यापेक्षा १५-२० अंश जास्त असणे ठीक. ती ७० वर जात असेल तर इंटरकूलरसमोर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीसमोर) चिखल, पाने, प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का ते बघा. पावसाळ्यानंतर हे सर्रास सापडते.

याच लॉगमध्ये आणखी एक गोष्ट उघडी पडते. मागितलेला दाब २६०० मिलिबारच्या वर दिसला तर गाडी बहुधा रिमॅप केलेली आहे, आधीच्या मालकाने सांगितले असो वा नसो. मग मूळ प्लग, मूळ गॅप आणि जुने होज यांच्याकडून तो दाब सहन होण्याची अपेक्षा चुकीची आहे. ही माहिती कोणत्याही दुरुस्तीच्या आधी हवी.

हवा निसटते आहे असे लॉग म्हणत असेल, तर आधी डोळ्यांनी शोधा. टर्बोनंतरच्या हवेत तेलाचा बारीक अंश असतो, त्यामुळे जिथून हवा निसटते तिथे तेलकट काळी चंद्रकोर उमटते आणि तिच्यावर धूळ चिकटते. खालचे प्लास्टिक कव्हर काढून इंटरकूलरला येणारे-जाणारे पाइप बघा. त्यांचे जोड स्क्रू-क्लॅम्पचे कमी, तारेच्या क्लिपचे आणि आतल्या सीलचे जास्त आहेत. बंपर किंवा रेडिएटरचे काम कधी झाले असेल तर क्लिप अर्धवट बसलेली असण्याची शक्यता फार. जोड वरून बसल्यासारखा दिसतो, बूस्ट आला की अर्धा मिलिमीटर सरकतो आणि आतला सील चेपून फाटतो. पाइप दोन्ही हातांनी धरून ओढा आणि पिळा. नीट बसलेला जोड फिरला तरी मागे-पुढे सरकत नाही. इंटरकूलरच्या दोन्ही कडेच्या प्लास्टिक टाक्यांची खालची शिवणही तपासा.

डोळ्यांना काही दिसले नाही तर प्रेशर टेस्ट, आणि ती घरी सहज होते. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीची एंड कॅप आणा, टर्बोच्या इनलेट होजमध्ये घट्ट बसेल अशा मापाची. होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजूनच जा. कॅपच्या मधोमध ११.५ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात साधा ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून बसवा. एअर फिल्टरच्या डब्यापासून होज सोडवा, कॅप आत घालून क्लॅम्प आवळा. मग कॉम्प्रेसरने हवा भरा. टायरची १२ व्होल्टची छोटी मशीन चालत नाही, तिचा प्रवाह इतका कमी की नैसर्गिक गळतीच ती भरून काढू शकत नाही. टाकीवाला २४ लिटरचा कॉम्प्रेसर पुरतो.

दाब ०.५ बारपासून सुरू करा, ०.७ च्या वर नेऊ नका. याला कारण आहे. इनलेट होजला क्रँककेसचा ब्रीदर जोडलेला असतो, तिथून हवा इंजिनाच्या पोटात गेली तर क्रँकशाफ्टचे सील बाहेर ढकलले जाऊ शकतात. शक्य असेल तर ब्रीदरची नळी सोडवून तिचे तोंड बंद करा. तेलाचे झाकण शेवटी हळूच उघडा, आत दाब साठलेला असू शकतो. आणि कॅपच्या समोर तोंड नेऊ नका, क्लॅम्प निसटला तर ती गोळीसारखी उडते.

आता साबणाचे पाणी प्रत्येक जोडावर. फेस फुगला की जागा सापडली. सायलेन्सरमधून हलका फुस्स आवाज येईल, तो दोष नाही. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात आणि हवा तिथून जाते. क्रँक थोडा फिरवला की तो आवाज बदलतो. गळती थ्रॉटलच्या आधी आहे की नंतर, हेही लक्षणांवरून कळते. आधीची गळती फक्त बूस्टला त्रास देते. नंतरची, म्हणजे मॅनिफोल्डकडची, आयडलिंगला उलटी हवा आत ओढते. तेव्हा आयडलिंग थरथरते आणि पी २१८७ सारखा लीनचा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचा) कोड येतो.

तोच लीन कोड आणि आयडलिंगला बारीक शिट्टी असेल तर पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारी झडप) बघा. ती व्हॉल्व्ह कव्हरवर बसलेली काळी प्लास्टिकची असेंब्ली आहे, आत रबराचा पडदा. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उचला. हलका ओढ असणे बरोबर. झाकण हाताला चिकटल्यासारखे जड वाटले आणि उचलताच शिट्टी थांबली, तर पडदा फाटला. दुरुस्ती नाही, असेंब्ली बदलायची. बोल्ट प्लास्टिकमध्ये जातात, हलक्या हाताने आणि तिरपे-तिरपे आवळा.

वेस्टगेट या इंजिनात विजेच्या मोटरवर चालतो. स्कॅनरमधून ॲक्च्युएटरची आउटपुट टेस्ट लावा आणि मोबाइलचा कॅमेरा टर्बोच्या मागे धरून रॉडची हालचाल रेकॉर्ड करा. पूर्ण आणि अडथळ्याविना हलला पाहिजे. अडखळत असेल तर लिंकेज गंजली किंवा झिजली आहे. रॉडवरचा नट फिरवून ‘बूस्ट वाढवायचा’ सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या रॉडची जागा पोझिशन सेन्सरच्या व्होल्टेजशी बांधलेली आहे, नट फिरवला की बेसिक सेटिंग पुन्हा करावे लागते. ते न करता गाडी चालवली तर ओव्हरबूस्टचा धोका.

आणि हो, इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन. हे इंजिन दोन रूपांत येते. काहींत फक्त डायरेक्ट इंजेक्शन, काहींत मॅनिफोल्डवर आणखी चार इंजेक्टर. मॅनिफोल्डवर इंजेक्टरची दुसरी रांग दिसत नसेल तर पेट्रोल व्हॉल्व्हवरून कधीच वाहत नाही, आणि पीसीव्हीतून आलेले तेल तिथे भाजून काळा थर साचतो. त्याचे लक्षण थंड इंजिनाला सकाळी पहिल्या अर्ध्या मिनिटात मिसिंग, पूर्ण लोडला नाही. टाकीत ओतायच्या बाटल्या इथे उपयोगाच्या नाहीत, ते द्रव व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेने मारून तो थर काढतात. हे काम मशीन असलेल्याकडे द्या.

एवढे सगळे साफ निघाले आणि मिळालेला बूस्ट तरीही मागे पडतो, तेव्हा टर्बोकडे बघायचे. इनलेट होज काढून बोटांनी शाफ्ट धरा. बाजूला किंचित हलणे, म्हणजे रेडियल प्ले, तेल नसताना असतोच, पण पंखाच्या कडा घराला लागता कामा नयेत. आत-बाहेर, म्हणजे ॲक्सियल प्ले, हाताला जाणवला की बेअरिंग गेले. पंखाच्या कडा मोडलेल्या, वाकलेल्या किंवा घासून चमकलेल्या आहेत का ते टॉर्च तिरपा धरून बघा. पाइपमध्ये तेलाचा पातळ थर असणे चालते. पाइप उलटा केल्यावर तेल ओघळत असेल तर सील गेला. टर्बो खरोखर बदलावा लागला तर त्याची तेलाची नळी नवी घालावी, तेल-फिल्टर बदलावे, आणि जुन्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये राहिलेले नाहीत याची खात्री करावी. या इंजिनात तेल ५.७ लिटर, व्हीडब्ल्यू ५०२ ००/५०५ ०० मानकाचे. ५.५ भरून डिपस्टिकवर बघत वरचे घाला.

७० हजार झाले आहेत म्हणून डीएसजीबद्दल थोडे. डीक्यू २५० चे तेल आणि फिल्टर दर ६० हजारांना बदलायचे असते. ते चुकले असेल तर हळू वेगातले झटके गिअरबॉक्सचेही असू शकतात, आणि लोक ते इंजिनाच्या माथी मारतात. काम घरी होते, अट एकच: गाडी चारही बाजूंनी सपाट उचललेली हवी. वरचा फिल्टर २४ मिलिमीटरच्या सॉकेटने, खालचा ड्रेन प्लग १४ मिलिमीटरच्या ॲलन कीने. प्लगच्या आत पातळीची प्लास्टिक नळी आहे, ८ मिलिमीटरची ॲलन की लागते. तीही काढली तरच सगळे तेल उतरते. परत बसवताना तिला फक्त ३ न्यूटन-मीटर. साधारण ५.२ लिटर तेल खालून ॲडॅप्टरने भरा, इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअर पाच सेकंद द्या. तेलाचे तापमान स्कॅनरवर ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना, इंजिन चालूच ठेवून, प्लग उघडा. धार थांबून थेंब पडू लागले की नव्या वॉशरसह ४५ न्यूटन-मीटरने बंद. मे महिन्यात दुपारी हे काम करू नका, तेल आधीच चाळिशीला पोहोचलेले असते आणि हाताशी दोन मिनिटेही उरत नाहीत. पहाटे सुरू करा. काढलेले तेल कॅनमध्ये भरून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या, सोसायटीच्या गटारात नको.

गाडीखाली जायचे असेल तर जॅकवर अजिबात नाही, स्टँडवरच. सोसायटीच्या पार्किंगला पाण्यासाठी उतार ठेवलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. फरशीवर पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा कुठे घरंगळते. जॅक आणि स्टँड गाडीच्या उंबरठ्यावर, म्हणजे दारांखालच्या कडेवर, खुणा केलेल्या जागीच, मध्ये रबरचा ठोकळा घालून. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, गाडी जमिनीवर आल्यावर. त्यासाठी मोठा रेंच वेगळा लागेल.

घरी करू नये अशी कामेही स्पष्ट सांगतो. हाय प्रेशर पंप आणि रेलची लोखंडी नळी: २०० बारचे पेट्रोल कातडी भेदून आत जाते, बाहेरून टोचल्याएवढीच खूण दिसते आणि बोट गमावण्याची वेळ येते. ती नळी एकदा उघडली की बसवताना सील आणि टॉर्कमध्ये चूक चालत नाही. टायमिंग चेन आणि मेकाट्रॉनिकही (डीएसजीचे नियंत्रण करणारे युनिट) नको, त्यांना खास लॉकिंग टूल आणि सेटिंग लागते. तुमच्या पिढीत चेनची तक्रार कमी आहे. पण जुन्या लॉरा किंवा सुपर्बचे १.८ टीएसआय कोणाकडे असेल आणि थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येत असेल, तर त्यांनी गाडी चालू न करता टेन्शनर तपासून घ्यावा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: फ्रीझ फ्रेमचा फोटो, इग्निशन चालू ठेवून दाबाचे दोन आकडे, मग प्लग आणि कॉइल. एक रविवार पुरतो. प्लग बदलल्यावर तोच रस्ता, तोच तिसरा गिअर, साधारण तेवढेच तापमान ठेवून लॉग घ्या आणि आधीच्या लॉगशेजारी ठेवा. मिसफायर काउंटर चारही सिलिंडरमध्ये शून्य आणि दोन्ही बूस्ट रेषा एकमेकींवर असतील तर दोन आठवडे नेहमीसारखी चालवून पुन्हा एकदा स्कॅन करा. नसतील तर दोन्ही लॉगच्या फाइल, प्लगचे जवळून काढलेले फोटो आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा ते लिहून इथेच टाका.